हद्दीचा नियम

सकाळचा अभिषेक आटोपला की त्रिशलाकाकू भगवंतासमोर उभ्या राहून त्या दिवसाचा नियम घेत. आवाज हळू, पण बस्तीच्या, म्हणजे जैन मंदिराच्या, दगडी मंडपात मागच्या खांबापर्यंत ऐकू जाई. आज तूप वर्ज्य. आज एकदाच जेवण. आज गल्लीच्या टोकापलीकडं पाऊल टाकणार नाही. मागं उभ्या असलेल्या बायका हात जोडून 'मलाबी तोच' म्हणत आणि आपापल्या घरी स्वयंपाकाला जात. काकूंनी कुणाला तसं करायला सांगितलं नव्हतं. पती वारले त्या वर्षापासून त्या रोज नियम घेत आल्या होत्या आणि घेतलेला कधी मोडला नव्हता, एवढंच गल्लीला माहीत होतं. आपला वेगळा नियम शोधत बसण्यापेक्षा काकूंचा धरलेला बरा, असं बायकांना वाटायचं.

गाव निपाणीच्या अलीकडं, हायवेपासून आत. आमदारकीची निवडणूक आली की इथं सगळ्यांना सीमाभाग आठवतो, मराठी की कन्नड हे आठवतं, बेळगावहून माणसं येऊन भाषणं करून जातात. ग्रामपंचायतीला यातलं काही लागत नाही. तिथं गल्ली बघतात. आणि मतदान भरघोस होतं. तालुक्याचे साहेब दर वेळी त्याचं कौतुक करतात. आजाऱ्याला खुर्चीत घालून नेतात, पुण्याला नोकरीला असलेल्या पोरांना गाडी पाठवून आणतात. मत न देणं म्हणजे कुणाचा तरी अपमान करणं, आणि तो कुणाचा केला हे संध्याकाळपर्यंत गावाला कळलेलं असतं.

यंदा काकूंच्या वॉर्डात दोघंच उभे होते. एक अभिनंदन, काकूंच्या धाकट्या दिरांचा मुलगा. दुसरी तळवार समाजाच्या गल्लीतली दिपाली, घरी बिड्या वळणारी. भांडण विहिरीवरून होतं. बस्तीच्या मागची जुनी विहीर बुजवून तिथं समुदाय भवन बांधायचं, असं अभिनंदनच्या बाजूचं म्हणणं. दिपाली म्हणायची, विहीर ठेवायची, गाळ काढायचा, कठडा बांधायचा. उन्हाळ्यात नळ जातो तेव्हा तळवार गल्ली त्याच विहिरीवर येते. काकूंसारख्या व्रत पाळणाऱ्या बायका तर बाराही महिने तिचंच पाणी पितात. नळाचं त्यांना चालत नाही. स्वतः शेंदलेलं, दुहेरी फडक्यातून गाळलेलं पाणी लागतं, आणि फडक्यात राहिलेले बारीक जीव परत त्याच विहिरीत अलगद सोडावे लागतात. नळात ते कुठं सोडणार?

मतदानाच्या दोन दिवस आधी काकू सकाळी पाणी गाळत होत्या, तेव्हा दिपाली रिकामी घागर घेऊन आली.

"काकू, पाया पडते."

"असू दे गं. पाणी हवंय?"

"पाणी बी हवं आन मत बी." दिपाली हसली. "लाज सोडून मागाय आलीया. तुमच्या गल्लीतल्या बायका माझ्याशी लई गोड बोलत्यात. आत जाऊन शिक्का कुठं मारतील ते देवाला ठाऊक."

"बायकांचं मी काय सांगू?"

"मग तुमचं सांगा. तुमचं तर तुमाला ठाऊक हाय न्हवं?"

काकूंनी फडकं उलटं करून लहान भांड्यात धुतलं, ते भांडं दोरीनं खाली सोडलं, पाण्याला टेकल्याचा आवाज आल्यावर दोरी हलवून ते कलतं केलं. दिपाली तोवर थांबली. तिला हे काम माहीत होतं.

"माझं मत तुला," काकू म्हणाल्या.

"खरं?"

"मी सांगितलं की."

"न्हाय, तुमचा शब्द म्हंजे झालंच." दिपालीनं घागर खाली ठेवली आणि डोळ्यांना पदर लावला, मग स्वतःलाच हसून म्हणाली, "आता तुमच्या गल्लीत मला दारोदार हिंडाय नको. तुमी जिकडं, तिकडं समद्या."

काकूंना ते खटकलं. आपण फक्त आपल्या मताचं बोललो, असं सांगावं म्हणून त्यांनी तोंड उघडलं, पण तोवर दिपाली दोरी ओढायला लागली होती.

त्याच दिवशी, दिवस मावळायच्या आत, बाबगोंडा घरी आले. काकूंचे धाकटे दीर. थोरला भाऊ गेल्यापासून घरातलं कर्तेपण त्यांच्याकडं होतं, आणि त्यांनी ते कधी वावगं वापरलं नव्हतं. काकूंचा मुलगा वृषभ त्यांच्याच तंबाखूच्या वखारीत काम बघायचा.

"वैनी, जेवण झालं न्हवं?" त्यांनी आधी विचारलं. काकू सूर्यास्तानंतर पाणीही घेत नाहीत, ही आठवण ते प्रत्येक वेळी ठेवत.

"झालं, भावजी. बसा."

"बसाय वेळ कुठला. उद्या सकाळी बस्तीत समद्या बायकांस्नी बोलवतोय. देवीसमोर श्रीफळ ठिवायचं, हात लावून म्हणायचं, आमचं घर अभिनंदनसंगं. पयल्यांदा तुमी. तुमच्या मागनं बाकीच्या येत्यातच."

"देवापुढं मत आणू नये, भावजी."

"आमी कुठं आणतोय? ती तळवार गल्ली भंडारा उचलून शपथा घेतीया. त्येंचा देव चालतो आन आपला न्हाय व्हय?" ते हसले. वृषभ भिंतीला टेकून उभा होता, तोही थोडासा हसला. "पुरुषांची मतं माझ्या खिशात हायत, वैनी. बायकांचं मला सांगता येत न्हाय. विहिरीवर काय बोलणं चालतंय ते कानावर येतंय की."

"विहीर राहिली तर कुणाचं काय बिघडतं?"

"कठडा ढासळलाय. उद्या एखादं लेकरू पडलं म्हंजे? तुमच्या पाण्याची सोय मी करतो. मळ्यातल्या विहिरीचं रोज घरपोच."

"शेंदायचं कुणी?"

"गडी शेंदील की."

दुसऱ्यानं शेंदलेलं काकूंना चालत नाही हे बाबगोंडांना पक्कं माहीत होतं. ते आज जेवणाची वेळ आठवत होते आणि हे विसरत होते.

जाताना ते दारात थांबले. "काय वृषभ? तू वखारीत माझा उजवा हात. घरातलंच मत फुटलं तर मी बाहेरच्याला काय तोंड दावू?"

"न्हाय काका, तसं कसं व्हईल."

ते गेल्यावर सून प्रिया स्वयंपाकघरातून बाहेर आली. ती बेळगावच्या खासबागची, बोलायला मोकळी. "आई, एवढा विचार काय करताय? नारळाला हात लावायचा, आणि आत जाऊन शिक्का हवा तिथं मारायचा. आमच्याकडं सगळे असंच करतात. कोण बघायला येतंय?"

"ज्याच्यासमोर हात लावायचा, तो."

प्रिया म्हणाली, "मग काकांना सांगून टाका सरळ. नाही म्हणून."

"सांगा," वृषभ म्हणाला. "आणि परवापासून मी कुठं जायचं तेपण सांगा."

"मी तुला काही म्हटलं का रे?"

"तुमी कुणालाच काय म्हणत न्हाईसा, आई. तेच तर."

काकू सामायिकाला, रोजच्या ध्यानाला बसल्या. डोळे मिटले, पण मन पुन्हा पुन्हा त्या नारळाकडं जात होतं. शपथ घेतली तर ती पाळावी लागणार, आणि मग दिपालीला दिलेला शब्द खोटा. शपथ घेतली नाही तर उद्या सगळ्या गल्लीसमोर घर फुटणार, आणि ते वृषभच्या अंगावर जाणार. पुष्कळ वर्षं त्यांनी तूप सोडलं होतं, मीठ सोडलं होतं, गोड सोडलं होतं. सोडलेलं सगळं त्यांचं स्वतःचं होतं. दुसऱ्याचं काही हातात घेऊन उभं राहायची त्यांच्यावर कधी वेळ आली नव्हती.

सकाळी बस्ती भरली होती. रोज न येणाऱ्या बायकाही आल्या होत्या. कुणाला नवऱ्यानं पाठवलं होतं, कुणाला सासऱ्यानं. पुरुष बाहेर कट्ट्यावर. पद्मावती देवीसमोर पाट मांडून त्यावर शेंदरी कापड, कापडावर श्रीफळ. बस्तीचे पुजारी उपाध्ये कोपऱ्यात गंध उगाळत होते आणि वर बघत नव्हते. काकूंच्या शेजारी पद्माक्का उभी होती, त्यांच्याच वयाची, विहिरीवरची रोजची सोबतीण. तिनं नारळाकडं बघितलं आणि पुटपुटली, "आता गं काय करायचं?"

"तुला काय करायचंय?"

"मला काय इचारतीस. तू करशील ते."

अभिषेक झाला. बाबगोंडा मंडपाच्या पायरीपर्यंत आले, हात जोडले आणि म्हणाले, "वैनी, या."

काकू पुढं झाल्या. देवीकडं जायच्या आधी रोजच्यासारख्या भगवंतासमोर थांबल्या, आणि रोजचीच सवय म्हणून हात जोडले गेले. त्या क्षणी त्यांना वाट दिसली असं वाटलं. मतच दिलं नाही, तर शपथ कशाची आणि खोटेपणा कशाचा? त्या म्हणाल्या, "भगवंता, उद्या सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत मला मौन. आणि बस्तीच्या आवाराबाहेर मी पाऊल टाकणार नाही."

उद्या मतदान. मतदान केंद्राची शाळा रस्त्याच्या पलीकडं, आवाराच्या बाहेर.

मग मागून पद्माक्काचा आवाज आला. "मलाबी तोच नियम."

"मलाबी."

"मलाबी तोच."

खांबांमागून, भिंतीपासून, दाराशी लेकरू कडेवर घेऊन उभ्या असलेल्या पोरीपर्यंत, सगळ्या बायकांनी हात जोडले. काकू मागं वळल्या. त्यांना सांगायचं होतं की हा नका घेऊ, हा माझ्यापुरता होता. पण देवासमोर उच्चारून झालेला नियम परत घ्या, असं कुणाला कधी त्यांनी सांगितलं नव्हतं. बायकांच्या चेहऱ्यावर सुटल्यासारखं काहीतरी होतं. घरी जाऊन नवऱ्याला सांगायला प्रत्येकीला उत्तर मिळालं होतं.

बाबगोंडांचा चेहरा आधी तापला. ते कट्ट्याकडं वळले, दोघा-तिघांशी हळू बोलले, आणि परत आले तेव्हा शांत होते. त्यांनी पाटावरचं श्रीफळ स्वतः उचललं. "धर्माच्या आड कोण येणार," ते म्हणाले. "नियम घेतला न्हवं, आता पाळायचा. समद्यांनी."

घरी येऊन हात-पाय धुताना काकूंच्या ध्यानात आलं. शपथ टळली होती. पण दिपालीला दिलेला शब्द तसाच मागं राहिला होता, आणि उद्या तो मोडणार होता. एक खोटं टाळायला त्यांनी दुसरं केलं होतं, तेही हात जोडून.

मतदानाच्या दिवशी बायका बस्तीत आल्या तर आवारात मंडप घातलेला, जाजम अंथरलेलं, दोन मोठे पंखे लावलेले. बाबगोंडांनी रातोरात सोय केली होती. उपाध्यांना त्यांनी दिवसभराचं विधान, म्हणजे मोठी पूजा, मांडायला सांगितलं होतं, म्हणजे पूजेतून उठायचा प्रश्न नको. बायका येऊन बसल्या, आणि थोड्या वेळानं आवाराच्या लोखंडी फाटकाची कडी बाहेरून लागली.

"गुरं शिरत्यात आत," बाबगोंडा फाटकाबाहेरून म्हणाले. "तुमी निवांत बसा."

बाहेर रस्त्यावर रिक्षा येत होत्या, माणसांना उतरवून जात होत्या. शाळेच्या दारातून पोलिसाचा कन्नडमधला आवाज येई, रांग नीट करा म्हणून. पुरुष येताना फाटकातून एकवार आत बघत. कुणाचा नवरा होता तो नजर टाळून जाई. उपाध्ये एकामागून एक अर्घ्य चढवत होते. काकू हात जोडून बसल्या होत्या आणि मंत्र कानावरून जात होते.

दिपाली आली तेव्हा ऊन चढलं होतं. फाटकाच्या गजांना धरून तिनं हाक मारली. "काकू, जरा इकडं या की."

काकू उठून फाटकापर्यंत गेल्या. तेवढं हद्दीत होतं.

"मौन हाय म्हणं तुमाला. बरं हाय, मीच बोलते." दिपाली धापा टाकत होती. "तुमच्या गल्लीतनं बाई म्हणून आली न्हाय. प्रियावैनी तेवढ्या येऊन गेल्या. मला वाटलं, बाबगोंडांनी कोंडलंय तुमास्नी. भांडायच्या तयारीनंच आलते. तर रस्त्यात लोकं म्हणाली, कुणी कोंडलं न्हाय, काकूंनी नियम घेतलाय." ती थांबली. "तुमीच घेतलाय?"

काकूंनी मान खाली घातली.

"माझ्यावर राग असता तर सांगायचं. मी काय विहिरीत ढकललं असतं व्हय तुमास्नी?" ती हसायला गेली, पण हसू आलं नाही. "शब्द दिला नसता, तर मी दुसरं काय तरी केलं असतं. एकेकीच्या पाया पडले असते. तुमचा शब्द हाय म्हणून तुमच्या गल्लीत परत पाऊल टाकलं न्हाय मी. ही बघा, परवाच्यानं एकदाबी आली न्हाय."

तिनं गज सोडले. "बसा तुमी. देवाचं काम हाय, त्याला मी काय म्हणू," ती म्हणाली आणि शाळेकडं निघून गेली.

काकू परत जागेवर येऊन बसल्या. पद्माक्कानं डोळ्यांनी विचारलं, काय म्हणाली? काकूंनी मान हलवली. पंख्याचा वारा येत होता आणि अंगाला घाम होता. मौन पाळलं तर नियम राहतो आणि शब्द जातो. उठलं तर शब्द राहतो आणि नियम जातो. त्या दोन्हीकडून बघत राहिल्या. देवाला दिलेलं मोठं, माणसाला दिलेलं लहान, असं मनाला समजावून पाहिलं. पण त्यांना स्वतःला ठाऊक होतं की काल हात जोडले तेव्हा देव मनात नव्हता. बाबगोंडा होते, वृषभ होता, तो नारळ होता. भीतीला नियमाचं नाव देऊन त्या देवासमोर उभ्या राहिल्या होत्या.

दुपार कलली. विधानाच्या मधल्या विसाव्यात उपाध्ये पाणी प्यायला आत गेले, आणि काकू उठल्या. चालत फाटकाशी गेल्या. बाबगोंडा रस्त्यापलीकडं कापडी सावलीत खुर्ची टाकून बसले होते. ते लगेच उठून आले.

"काय हवंय, वैनी? खूण करा."

"कडी काढा, भावजी."

सकाळपासून न वापरलेला आवाज घोगरा आला. मागं जाजमावर कुणीतरी दचकून हललं.

बाबगोंडा जवळ आले, आवाज खाली आणला. "नियम मोडला तुमचा."

"मोडला. मी प्रायश्चित्त घेईन."

"लोकं काय म्हणतील? आजवर कधी मोडला न्हाईसा. एका मतासाठी? एवढ्या वर्षांचं पुण्य..."

"माझं पुण्य मी बघते. कडी काढा."

"तुमी मोडला तर ह्यांचाबी मोडतोय. तुमच्या भरवशावर घेतलाय त्येंनी."

काकू वळल्या. सगळ्या बायका त्यांच्याकडं बघत होत्या. एवढ्या जणींसमोर त्या कधी मोठ्यानं बोलल्या नव्हत्या. बस्तीत जे बोलायचं ते देवाकडं तोंड करून. "काल मी घेतला तो नियम नव्हता," त्या म्हणाल्या. "मला शपथ टाळायची होती, म्हणून घेतला. चूक माझी. तुम्ही माझं ऐकून घेतलात, तर आता माझंच ऐकून उठा. ज्यांना मत द्यायचं त्यांनी चला माझ्यासंगं. प्रायश्चित्त काय असेल ते मी सगळ्यांच्या वाटचं घेते."

कुणी हललं नाही. काल दाराशी लेकरू घेऊन उभी असलेली पोर एका गुडघ्यावर उठली. पद्माक्कानं तिच्या पदराला धरून तिला हळूच खाली बसवलं. मग पद्माक्कानं काकूंकडं बघून हात जोडले आणि मान नकारार्थी हलवली. बाकीच्यांनी माना खाली घातल्या. त्या मौन पाळत होत्या. शाळेच्या दारात त्यांचे नवरे उभे होते, सासरे उभे होते, आणि इथं सावली होती, देव होता. या नियमात त्यांना कुणी काही विचारू शकत नव्हतं.

काकूंना ते कळलं. आपण जिथं लपलो तिथंच या लपल्या आहेत, आणि आता त्यांना तिथून हाताला धरून ओढता येणार नाही.

बाबगोंडांनी बायकांकडं बघितलं, आणि त्यांचा चेहरा सैल झाला. त्यांनी कडी काढली. "जावा, वैनी. तुमची मर्जी."

शाळेच्या व्हरांड्यात बायकांच्या रांगेत कुणीच नव्हतं. आत टेबलामागच्या बाईंनी कन्नडमध्ये नाव विचारलं. काकूंनी सांगितलं. बाकावर बसलेल्या दोन्ही बाजूंच्या माणसांनी एकमेकांकडं बघितलं. बोटाला शाई लागली. पुठ्ठ्याच्या आडोशामागं काकूंनी शिक्का मारला, तो वाळेपर्यंत फुंकर घातली आणि कागदाची घडी घालून पेटीत टाकली. बाहेर आल्या तेव्हा दिपाली झाडाखाली तिच्या माणसांबरोबर उभी होती. तिनं काकूंना बघितलं, आणि मग काकूंच्या मागं बघितलं, अजून कोण येतंय का ते. कुणी येत नव्हतं. ती पुढं आली नाही. काकूही थांबल्या नाहीत.

त्या बस्तीच्या फाटकाशी परतल्या, पण आत गेल्या नाहीत. बाहेरच्या पायरीवर बसून राहिल्या. सूर्यास्त झाल्यावर बायका उठल्या, काकूंच्या बाजूनं पदर सावरत एकेक करून घरी गेल्या. कुणी टोचून बोललं नाही. पद्माक्का तेवढी जाता जाता खाली वाकली. "रागावू नगंस. तुला मुलगा हाय, तो सोसंल. मला घरात तो म्हातारा नवरा हाय, त्यो न्हाय सोसायचा," ती म्हणाली.

निकाल लागला. अभिनंदन निवडून आला, फार मतांनी नाही, पण आला. निपाणीच्या वार्ताहरानं लिहिलं की तालुक्यात मतदानात पुढं असणाऱ्या या गावात यंदा महिला मतदारांमध्ये निरुत्साह दिसून आला. प्रियानं ते वाचून दाखवलं आणि पेपर बाजूला टाकला. वृषभ वखारीत जात राहिला. त्याला कुणी काढलं नाही. उलट बाबगोंडांनी त्याला निपाणीच्या ऑफिसात बसवलं, पंख्याखाली. तो घरी येऊन सांगताना आईकडं बघत नव्हता.

काकूंनी उपाध्यांना विचारून प्रायश्चित्त म्हणून उपवास धरले. ते चालू असतानाच एका सकाळी अभिषेकानंतर बाबगोंडा बस्तीत आले. हातात पेढ्यांचा डबा. सगळ्या बायका होत्या.

"वैनी, तुमी घेणार न्हाईसा ते ठाऊक हाय. बाकीच्यांस्नी देतो," ते म्हणाले. त्यांनी स्वतः पेढे वाटले. पोटात राग नव्हता त्यांच्या, खरंच नव्हता. "एक ठरवलंय. हितनं पुढं दर मतदानाला बस्तीत विधान. झेडपी असो, आमदारकी असो. आमच्या थोरल्या भावाच्या नावानं. मंडप, पंखे, फराळ, समदं माझ्याकडं. बायकांस्नी रांगेत उन्हात उभं राहाय नको, घरात वाद नको. आन मानाचं पयलं अर्घ्य तुमच्या हातचं, वैनी."

बायकांनी माना डोलावल्या. कुणीतरी म्हणालं, "बरंच झालं."

"भावजी," काकू म्हणाल्या, "मी मतदानाला जाणार. दर वेळी."

"जावा की." बाबगोंडा मनापासून हसले. "तुमास्नी कोण अडीवतंय. तुमच्यापुरती कडी काढतो आमी."

ते पायऱ्या उतरून गेले. काकू भगवंतासमोर उभ्या राहिल्या. मागं बायका रोजच्या जागी उभ्या राहिल्या, हात जोडून. काकूंनी डोळे मिटले. ओठ हलले नाहीत.

"काकू," ती लेकुरवाळी पोर म्हणाली, "आज कुठला नियम?"

"मी मनात घेतला. ज्याचा त्यानं घ्यावा."

बायकांनी एकमेकींकडं बघितलं. कुणाला काही सुचत नव्हतं. उशीर होत होता, चुली पेटवायच्या होत्या. शेवटी पद्माक्का पुढं झाली, हात जोडले आणि म्हणाली, "मग आमी तुझा कालचाच धरतो."

"कालचाच," मागच्या म्हणाल्या, आणि घरोघर निघाल्या.